जुना संगणक, नवी भाषा आणि आमच्या गटाचं व्याज

(बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात रेडिओवर झालेलं बोलणं)

चुली पेटल्या असतील, कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेतातून येऊन पाय धुतले असतील. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आणि घरात शिकणारी मुलगी असेल तर तिला वही-पेन घेऊन जवळ बसवा. आज एकदोन आकडे लिहून घ्यायचे आहेत.

मी एका बचत गटाची हिशेबनीस आहे. बारा बायकांचा गट, महिन्याला दोनशे रुपये बचत. शिक्षण माझं दहावी. संगणक शिकवायला मी काही बाई नाही, मास्तर नाही. तरीही आज मी तुम्हाला जुन्या संगणकावर पायथन नावाची भाषा कशी बसवायची ते सांगणार आहे. आणि ती बसवताना माझ्याच हिशेबातली एक चूक कशी उघडी पडली, तेही सांगणार आहे. पहिलं सांगायला मला आनंद वाटतो. दुसरं सांगायला लाज वाटते. पण सांगणार.

झालं असं. माझी पुतणी अकरावीला आहे. कॉलेजात त्यांना पायथन शिकवायला लागले. आठवड्यात एक तास, आणि एका संगणकापुढं चार पोरी. घरी येऊन ती आईला म्हणाली, मला लॅपटॉप पाहिजे. जाऊबाई गप्प बसल्या. मग दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "दोन्ही शेळ्या काढते, उरलेलं गटातून उचलते." शेळ्या म्हणजे जाऊबाईंचं दूध, कोकरं, अडीअडचणीचा पैसा, सगळं. त्या गेल्यावर हप्ता भरायचा कशातून?

मला आठवलं, गटाच्या खोलीत एक संगणक पडलाय. एका ठिकाणी नवे संगणक आले तेव्हा जुना आम्हाला दिला होता. आम्ही तो गोणपाटाखाली ठेवला आणि विसरलो. तालुक्याच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, ते भंगार आहे. त्यात काही चालणार नाही. तीन हजार द्या, बघतो काय करता येतं ते." तीन हजार देऊन नुसतं बघणार! मी उठून आले.

पुतणी म्हणाली, "काकू, आपणच बघू."

पहिलं काम साफसफाईचं. वायर भिंतीतून काढली, मग डबा उघडला. ही गोष्ट नीट ऐका, वायर आधी काढायची. आत धुळीचा थर आणि पालीची अंडी. मऊ ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं धूळ उडवली. सुरू केला तर नुसता बीप बीप ओरडायला लागला, पडदा काळाच. असा ओरडला की पुष्कळदा आतली रॅमची पट्टी हललेली असते. वायर पुन्हा काढली, पट्टी बाहेर काढली, तिच्या पिवळ्या दातांवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं, परत नीट दाबून बसवली. संगणक सुरू झाला. पुतणीनं टाळ्या वाजवल्या.

मग तारीख बघितली. पडद्यावर २००९ साल! संगणकाच्या आत रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की संगणक वेळ विसरतो. तुम्ही म्हणाल, तारखेनं काय बिघडतं? बिघडतं. इंटरनेटवरच्या चांगल्या साइटकडे एक ओळखपत्र असतं, त्यावर मुदत असते. गॅसच्या नळीवर असते ना, तशी. संगणकाला वाटतं आज २००९ आहे, मग त्याला ते ओळखपत्र खोटं वाटतं आणि तो साइट उघडतच नाही. माणूस समजतो संगणक बिघडला. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलला, तारीख दुरुस्त केली, तो प्रश्न मिटला.

आता पायथन म्हणजे काय, ते सांगते. संगणकाला काम सांगायची ती एक भाषा आहे. गुइदो व्हान रॉसम नावाच्या एका डच माणसानं ॲमस्टरडॅममध्ये १९८९ च्या डिसेंबरात ती करायला घेतली आणि १९९१ साली लोकांसमोर ठेवली. पायथन म्हणजे अजगर, पण नाव अजगरावरून आलेलं नाही. बीबीसीवर 'माँटी पायथन' म्हणून एक विनोदी कार्यक्रम असायचा, त्यावरून ठेवलंय. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आणि मुख्य गोष्ट, ही भाषा फुकट आहे. विकत घ्यायची नाही, वर्षाची वर्गणी नाही. कुणी पायथनचे पैसे मागितले तर उठून यायचं.

पण जुना संगणक आणि नवी भाषा यांची गाठ घालताना एक अडचण येते, आणि तिथंच बहुतेक लोक हात टेकतात. आम्हीही टेकले होते.

आमच्या संगणकात विंडोज सेव्हन आहे. ते बाजारात आलं २००९ साली. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल बंद केली. पायथनवाल्यांचा नियम असा आहे, की जे विंडोज मायक्रोसॉफ्टनंच सोडून दिलं, त्याच्यासाठी ते पुढची नवी आवृत्ती करत नाहीत. म्हणून पायथनची ३.९ आणि त्यापुढची कुठलीही आवृत्ती विंडोज सेव्हनवर चालत नाही. कितीही वेळा करा, बसणार नाही. यात संगणकाचाही दोष नाही आणि आपलाही नाही. इंडक्शनच्या शेगडीवर आपली ॲल्युमिनियमची पातेली तापत नाहीत. म्हणून काही आपण पातेली फेकून देत नाही. ज्या चुलीवर ती तापतात, त्या चुलीवर ठेवतो.

आमची पहिली चूक तीच झाली. पुतणीच्या भावानं शोधायला घेतलं, 'पायथन फुकट डाउनलोड' असं टाकून. एक कुठलीतरी साइट उघडली, मोठं हिरवं बटन होतं, त्यानं दाबलं. पायथन आलं नाही. जाहिरातीच जाहिराती यायला लागल्या. दोन दिवस ते उपटून काढण्यात गेले. दुसऱ्या वेळी योग्य साइटवर गेलो, तिथलं पहिलंच बटन दाबलं, तर सगळ्यात नवी आवृत्ती आली. ती बसायला तयार नाही. जाऊबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहू द्या, मी बाजाराच्या दिवशी शेळ्या नेते."

त्या रात्री पुतणीनं माझ्या फोनवर त्या साइटवरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. बारीक अक्षर वाचायची सवय लागली ना बायांनो, कर्जाच्या कागदापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडते. तिथं लिहिलेलंच होतं, की ३.९ आणि त्याच्या पुढचं विंडोज सेव्हनवर चालत नाही. म्हणजे आपल्याला पाहिजे ३.८.

आता वही घ्या. सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, आपला संगणक ओळखा. स्टार्ट दाबा. 'कॉम्प्युटर' असं लिहिलेलं दिसेल, त्याच्यावर माउसचं उजवं बटन दाबा आणि 'प्रॉपर्टीज' निवडा. तिथं तीन गोष्टी लिहून घ्या. विंडोज कुठलं आहे. त्याच्याखाली 'सर्व्हिस पॅक १' असं लिहिलंय का. आणि 'सिस्टीम टाइप' समोर ३२ बिट लिहिलंय की ६४ बिट. सर्व्हिस पॅक १ आणि विंडोजचे नंतरचे अपडेट नसतील, तर पायथन बसायला नकार देतं आणि तसं सांगतं. मग आधी ते घालावे लागतात.

३२ आणि ६४ चं एवढंच लक्षात ठेवा. मोठ्या हंड्यात तांब्या मावतो, तांब्यात हंडा मावत नाही. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचं पायथन चालतं. ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचं चालत नाही. शंका असेल तर ३२ चं घ्या.

दुसरी गोष्ट, फाइल कुठून घ्यायची. एकच जागा, पायथन डॉट ओआरजी. पुन्हा सांगते, पायथन, टिंब, ओ आर जी. तिथं 'डाउनलोड्स'मध्ये जाऊन विंडोज निवडायचं. वर दिसणारं मोठं बटन दाबायचं नाही. खाली जुन्या आवृत्त्यांची लांब यादी आहे, त्यात शोधायचं ३.८.१०. पुन्हा सांगते, तीन, टिंब, आठ, टिंब, दहा. ही ३ मे २०२१ ला आली.

तुम्हाला त्या यादीत ३.८.११, ३.८.१२ असं करत ३.८.२० पर्यंतही दिसेल. मोठा आकडा बघून तिकडे जाऊ नका. त्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आहेत, पण विंडोजवर दाबलं की बसेल अशी तयार फाइल त्यांच्यासोबत दिलेली नाही. तयार फाइल असलेली ३.८ मधली शेवटची आवृत्ती म्हणजे ३.८.१०. तिच्या पानावर तळाला 'विंडोज इन्स्टॉलर, ३२ बिट' असं लिहिलेलं असतं, ते घ्यायचं. फाइल तीस एमबीच्या आत आहे. एखादा व्हिडिओ बघण्यात याहून जास्त डेटा जातो.

ज्यांच्या संगणकात विंडोज सेव्हनच्याही आधीचं, म्हणजे एक्सपी आहे, त्यांनी ३.४.४ शोधावी. ३.५ पासून पायथननं एक्सपी सोडलं. काही शाळांच्या जुन्या संगणकांत विंडोज नसतं, उबंटू असतं. तिथं पायथन बहुधा आधीपासूनच असतं, बसवायची गरजच पडत नाही.

तिसरी गोष्ट. जुन्या संगणकावर इंटरनेट नसलं तरी अडत नाही. आम्ही फाइल फोनवर उतरवली, चार्जिंगच्या वायरीनं फोन संगणकाला जोडला आणि फाइल तिकडे घेतली. पेनड्राइव्हनंही जमतं. उलट मी तर म्हणेन, असा जुना संगणक इंटरनेटपासून लांबच ठेवा. त्याची देखभाल बंद झालीये, म्हणजे नवा चोर आला तर त्याला अडवणारं नवं कुलूप त्याच्याकडे येत नाही. बँकेचं खातं, पैसे पाठवणं, आधारचा नंबर, यातलं काहीही त्या संगणकावर करायचं नाही. शिकायचं आणि हिशेब करायचा, बास. ३.८ ची देखभालही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आहे. घरात बसून शिकायला ती चालते, पण तिच्या भरवशावर संगणक जगासमोर उघडा ठेवायचा नाही.

चौथी गोष्ट, बसवणं. फाइलवर दोनदा क्लिक करा. एक चौकट उघडते. घाई करून मधलं 'इन्स्टॉल नाऊ' लगेच दाबू नका. आधी तळाला बघा. तिथं दोन छोटे चौकोन असतात. एकापुढं लिहिलेलं असतं 'ॲड पायथन ३.८ टू पाथ'. तो चौकोन रिकामा असतो, त्यात खूण करा. त्याचा अर्थ असा, की पायथन कुठं राहतं त्याचा पत्ता संगणकाला देऊन ठेवायचा. नवी सून घरात आली पण वाड्यात कुणाला सांगितलंच नाही, तर पोस्टमन पत्र कुठं देणार? तसंच आहे हे. दुसऱ्या चौकोनात 'ऑल युजर्स' असं असतं. त्याला कधी कधी मालकाचा पासवर्ड लागतो. जुना संगणक कुणीतरी दिलेला असतो, पासवर्ड आपल्याला ठाऊक नसतो. तशी अडचण आली तर त्या दुसऱ्या चौकोनातली खूण काढून टाका. पायथन फक्त आपल्यापुरतं बसतं आणि चालतं.

मग 'इन्स्टॉल नाऊ'. आमच्या संगणकाला बराच वेळ लागला. मधे वाटलं अडकलाच. हात लावला नाही. शेवटी आलं 'सेटअप वॉज सक्सेसफुल'. झालं म्हणून सांगत होता. पुतणी ओरडली, जाऊबाई पीठाच्या हातानंच धावत आल्या.

पाचवी गोष्ट, वापरायचं कसं. स्टार्टमध्ये पायथन ३.८ च्या खाली 'आयडल' नावाचं एक चिन्ह असतं. पायथनबरोबरच येतं ते. ते उघडलं की पांढरी पाटी येते. त्यात दोन अधिक दोन लिहून एंटर मारा, चार येईल. आमच्या संगणकात रॅम एकच जीबी आहे, तरी हे सुरळीत चालतं.

आता माझ्या चुकीकडे येते.

दुसऱ्या दिवशी पुतणी म्हणाली, "काकू, तुम्हीच एखादं गणित द्या, मी पायथनला सांगते." मी म्हटलं, व्याजाचं कर. गटातून दहा हजार कर्ज, महिन्याला दोन टक्के व्याज, दहा हप्ते. दर महिन्याला मुद्दल हजार आणि वर व्याज.

पायथनमध्ये आपल्या मराठी अक्षरांत नावं देता येतात, हे मला तेव्हा कळलं. 'शिल्लक', 'हप्ता', 'व्याज' अशी नावं तिनं मराठीतच लिहिली. कंट्रोल पॅनलमधून मराठी कीबोर्ड चालू केला की झालं. 'व्हाइल', 'प्रिंट' असे पायथनचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात, आणि आत लिहायचे आकडेही इंग्रजीतले. पण गंमत सांगते. आपण प्रश्न विचारणारा प्रोग्राम केला आणि त्याला उत्तर म्हणून देवनागरीत आकडा दिला, तर त्याचाही पायथन बरोबर आकडा करून घेतं. आमच्या आक्कांना इंग्रजी आकडे येत नाहीत. त्यांनी देवनागरीत पाचशे लिहिले, पायथनला ते कळले. आक्का म्हणाल्या, "याला आपली भाषा येते की!"

तर पुतणीनं लिहायला घेतलं. पहिली ओळ, शिल्लक बरोबर दहा हजार. दुसरी, हप्ता बरोबर एक हजार. तिसरी, जोवर शिल्लक शून्याहून जास्त आहे तोवर पुढचं करत राहा. त्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं, एकाखाली एक, विसरायची नाहीत. विसरलं की लाल अक्षरात ओरडतं. चौथी ओळ थोडी आत सरकवून, व्याज बरोबर शिल्लक गुणिले दोन भागिले शंभर. पाचवी तेवढीच आत, शिल्लक आणि व्याज पडद्यावर दाखव. एफ पाच दाबलं.

पडद्यावर आलं, दहा हजार, दोनशे. दहा हजार, दोनशे. दहा हजार, दोनशे. थांबेचना! खाली खाली पळतंय, दोनशे, दोनशे, दोनशे. पुतणीनं कंट्रोल आणि सी एकदम दाबून थांबवलं आणि हसायला लागली. "एक ओळ राहिली काकू. शिल्लकेतून हप्ता वजा करायचाच राहिला. त्याला वाटतंय कर्ज फिटतच नाही."

तिनं सहावी ओळ लिहिली. शिल्लक बरोबर शिल्लक वजा हप्ता. पुन्हा एफ पाच. आता आलं, दोनशे, एकशे ऐंशी, एकशे साठ, असं करत शेवटचं वीस. दहा ओळी आणि थांबलं. बेरीज केली, एकूण व्याज अकराशे.

ती हसत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण ते पळणारे दोनशे, दोनशे, दोनशे मी कुठंतरी बघितले होते. माझ्याच हातानं लिहिलेले. आमच्या गटातल्या एका मावशींच्या पासबुकात. मावशी एकट्या राहतात, लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी दहा हजार उचलले होते. पहिल्या महिन्यात मी व्याज लिहिलं दोनशे. दुसऱ्या महिन्यात वर बघितलं आणि तेच खाली उतरवलं. तिसऱ्याला तेच. मावशी दर बैठकीला बाराशे मोजून ठेवायच्या आणि माझ्याकडे बघून हसायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही.

मी रात्रीच पासबुकं काढली. मावशींचे सहा हप्ते झाले होते. व्याज घेतलं होतं बाराशे. व्हायला पाहिजे होतं दोनशे, एकशे ऐंशी, एकशे साठ, एकशे चाळीस, एकशे वीस आणि शंभर, म्हणजे नऊशे. तीनशे रुपये जास्त. तसंच पुढं चाललं असतं, तर दहा हप्त्यांत त्यांनी अकराशेच्या जागी दोन हजार भरले असते. वस्तीवरच्या एका भावजयीचं पाच हजारांचं कर्ज पाच हप्त्यांत फिटलं होतं. तिच्याकडून तीनशेच्या जागी पाचशे घेतले होते. बाकीच्यांचे हिशेब बरोबर होते. म्हणजे नियम मला माहीत होता, तरी दोघींच्या बाबतीत मी नुसतं वरचं खाली उतरवत गेले.

बैठकीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाय कापत होते. एक जण म्हणाली, "अगं, व्याज गटातच राहिलं ना, तुझ्या घरी थोडंच नेलंस? आता कशाला उकरायचं?" दुसरी म्हणाली, "परत द्यायला लागलो तर गटाचा नफा कमी होईल." आमच्या आक्का अध्यक्ष आहेत. त्यांनी मला सांगितलं, "ठरावाची वही काढ. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच." मी वाचलं. 'कर्जाच्या शिल्लक रकमेवर दरमहा दोन टक्के व्याज.' आक्का म्हणाल्या, "ठरलंय ते सगळ्यांनी मिळून ठरलंय. वाचता न येणारीला वेगळा दर नाही." मावशींना तीनशे आणि भावजयीला दोनशे त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर परत दिले. वहीत लिहिलं, सह्या घेतल्या. मावशींचा अंगठा.

मावशी मला काय बोलल्या असतील? म्हणाल्या, "बाई, तू सांगितलंस म्हणून कळलं. न सांगतीस तर मला कोण सांगणार होतं?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हे तर साध्या कॅल्क्युलेटरवर झालं असतं. झालं असतं. कागदावरही झालं असतं. पण कॅल्क्युलेटरला आपण आकडा देतो, पायथनला नियम सांगावा लागतो. नियम एकेक पायरीनं, एकही पायरी न गाळता शब्दांत मांडायचा म्हटलं की आपण कुठली पायरी गाळत होतो ते समोर येतं. आणि हेही लक्षात ठेवा, यंत्र शहाणं नाही. त्याला चुकीचा नियम सांगितला तर तेही 'दोनशे, दोनशे' करत पळत सुटतं. संगणकानं सांगितलं म्हणून खरं, असं कुणी म्हटलं तर विचारा, त्याला नियम काय सांगितला होता?

आता आमच्या गटात असं ठरलंय. कर्ज देतानाच पुतणी त्या सहा ओळी चालवते. कितवा हप्ता, मुद्दल किती, व्याज किती, सगळे आकडे निघतात. प्रिंटर आमच्याकडे नाही. मी ते पासबुकाच्या मागच्या पानावर हातानं उतरवते आणि जिचं कर्ज तिच्यासमोर मोठ्यानं वाचते. जिला वाचता येत नाही तिच्या घरातली शाळेत जाणारी पोरं वाचतात. पुढच्या महिन्यात किती भरायचं ते प्रत्येकीला आधी माहीत असतं. माझ्यावर विश्वास ठेवा म्हणायची वेळ येत नाही.

तुमच्या गटातही एक करून बघा. संगणक असो नसो. पुढच्या बैठकीला ठरावाची वही आणि एखादीचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. व्याज शिल्लक रकमेवर घ्यायचं ठरलंय का? मग दर महिन्याला ते कमी होताना दिसतंय का? एकच आकडा खाली खाली उतरत गेला असेल तर थांबा आणि विचारा. बाहेरून घेतलेल्या कर्जाच्या कागदावरही हेच विचारा, व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर? दोन टक्के दोन्हीकडे लिहिलेलं असतं, पण हातातून जाणारं व्याज जवळजवळ दुप्पट होतं.

आणि गावात कुठं गोणपाटाखाली जुना संगणक पडलेला असेल तर तो भंगारात घालण्याआधी उघडून बघा. आकडे पुन्हा सांगते, ज्यांचे राहिले असतील त्यांनी लिहा. विंडोज सेव्हन असेल तर पायथन ३.८.१०. एक्सपी असेल तर ३.४.४. ३२ बिट की ६४ बिट ते आधी बघा. साइट एकच, पायथन डॉट ओआरजी. आणि 'पाथ'च्या चौकोनात खूण.

आमच्या जाऊबाईंच्या शेळ्या दावणीलाच आहेत. एक व्यायली परवा, दोन पिल्लं दिली. पुतणी संध्याकाळी गटाच्या खोलीत बसते, आता तिच्याबरोबर वाडीतल्या अजून तीन पोरी येतात. वीज गेली की वहीवर लिहितात, आली की संगणकावर चालवतात. लॅपटॉप कधीतरी घ्यावा लागेल, तो आम्ही घेऊ. पण शेळ्या विकून आणि घाईत नाही.

तुमच्याकडे कुणाचं अडलं तर रेडिओवर निरोप ठेवा. मला जेवढं येतं तेवढं मी सांगेन, पुढचं पुतणी सांगेल.

येते मी. नमस्कार.